विमानातली गोठलेली शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, लसणीची कोरडी चटणी, तिळगुळाच्या वड्या, मुरवलेले लोणचे ही मंडळी चार-सहा दिवस बिघडत नसत, आणि त्यामागे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. पदार्थात पाणी कमी, मीठ, तेल किंवा गूळ अधिक. म्हणजे बुरशी आणि जंतू यांना तेथे संसार थाटता येत नाही. मांसाहारी समाजांनीही हाच मार्ग धरला. कोकणात बोंबील आणि सोडे उन्हात वाळले, युरोपात डुकराचे मांस मिठात मुरले आणि धुराड्यात टांगले गेले. पदार्थ टिकवावयाचा तर त्यातले पाणी काढून घ्यावे, असे हे जुने सूत्र होते. पाणी आत तसेच राहू द्यावे, परंतु त्याचा दगड करून टाकावा, हे सूत्र मात्र त्या मानाने अगदी अलीकडचे.

या नव्या सूत्रावर बांधलेली एक शिदोरी आज पॅसिफिक महासागरावरून विमानाने जात असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुटुंबे सुटीसाठी हवाई बेटांवर जातात. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू सुमारे ३,८५० किलोमीटर दूर आहे आणि विमानास पाच-साडेपाच तास लागतात. तेथे आठ-दहा दिवस स्वयंपाकघरासकट घर भाड्याने घ्यावयाचे आणि आपले आपण रांधून खावयाचे, अशी अनेकांची रीत आहे. परंतु या बेटांवर लागणारे बहुतेक अन्न समुद्रमार्गे बाहेरूनच येते. त्यामुळे बाजारात मांसाची किंमत ऐकून मुख्य भूमीवरच्या गृहिणीचे डोळे पांढरे होतात. मग घरच्याच शीतकपाटातले मांस गोठवून, पेटीत भरून, कपड्यांच्या बॅगांबरोबर विमानात चढविले जाते. हवाई बेटांची ही हवाई शिदोरी म्हणावयाची!

गंमत अशी की, या बेटांवर मांस बरोबर घेऊन येण्याची परंपरा विमानाहून कितीतरी जुनी आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या जोडहोड्यांतून प्रथम येथे आले, तेव्हा त्यांनी डुकरे, कुत्री आणि कोंबड्या बरोबर आणल्या होत्या. पण त्या जिवंत. मांस ताजे ठेवण्याचा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय तो हाच. बर्फाविना समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला दुसरी सोय नव्हती.

बर्फाने दूरचा प्रवास करावयास सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्या कथेत हिंदुस्थानचेही नाव आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या गलबतातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. अमेरिकेतील तळ्यांवरून हिवाळ्यात कापलेला तो बर्फ, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांच्या प्रवासाअंती सप्टेंबरात हुगळीत पोहोचला, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन अद्यापि शिल्लक होता. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्यूडरने १८४२ साली बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तेथे राहिले होते आणि ती वास्तू आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. ट्यूडरपाशी कोणतेही यंत्र नव्हते. बर्फाचे ठोकळे एकमेकांस अगदी भिडवून रचावयाचे, मध्ये पोकळी राहू द्यावयाची नाही, आणि सभोवार भुसा ठासावयाचा, एवढीच त्याची विद्या. आज विमानासाठी पेटी भरणाऱ्याला जे काही शिकावयाचे, त्याचा निम्मा भाग या एका गलबतात आहे.

उरलेला निम्मा भाग ‘डनेडिन’ या शिडाच्या जहाजात सापडतो. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या अमाप आणि खाणारी तोंडे थोडी. इंग्लंडमध्ये नेमके उलट. १८८२ च्या फेब्रुवारीत या जहाजावर सुमारे ५,००० गोठलेली धडे चढविण्यात आली. शिडांच्या जोडीला डेकवर कोळशाचा बंब आणि हवा दाबून थंड करणारे यंत्र बसविले होते. बंबाच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्या शिडांवर पडत आणि ती पेट घेत. उष्ण कटिबंधात वारा पडला तेव्हा वेगळेच संकट आले. थंड हवा मालाच्या कोठारात सर्वत्र सारखी फिरेना. कप्तान जॉन व्हिट्सन हवेच्या मुख्य नळात स्वतः सरपटत शिरला आणि नवीन भोके पाडू लागला. त्या गारठ्यात तो इतका बधिर झाला की, पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढून काढावे लागले. अठ्ठ्याण्णव दिवसांनी जहाज लंडनला लागले, तेव्हा हजारो धडांपैकी फक्त एक टाकून द्यावे लागले. त्या कप्तानाला जे कळले ते आजही खरे आहे. थंडी पुरेशी असून भागत नाही, ती प्रत्येक कोपऱ्यात पोहोचली पाहिजे.

तिसरे नाव क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचे. १९१२ नंतरच्या वर्षांत हा अमेरिकन निसर्गाभ्यासक कॅनडाच्या ईशान्येकडील लॅब्राडोरमध्ये राहत होता. तेथील लोक बर्फाला भोक पाडून मासे धरीत आणि कडाक्याच्या वाऱ्यात ते मासे पाहता पाहता दगडासारखे होत. महिन्यांनी शिजविले तरी त्यांची चव ताज्या माशासारखी लागे. कारण असे की, पाणी सावकाश गोठले तर त्याचे मोठे, अणकुचीदार स्फटिक बनतात आणि ते मांसाच्या पेशी फाडतात. मांस वितळताना त्यातला रस गळून जातो आणि उरतो तो चोथा. पाणी झपाट्याने गोठले तर स्फटिक बारीक राहतात आणि पेशींना इजा कमी होते. १९३० साली बर्ड्सआय यांच्या पद्धतीने गोठविलेले पदार्थ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत विक्रीस आले, आणि घरोघरी गोठलेल्या अन्नाचे युग सुरू झाले.

घरचे शीतकपाट लॅब्राडोरच्या वाऱ्याची बरोबरी करू शकत नाही. तरीपण मांसाचा पाच किलोंचा गोळा एकदम आत ढकलण्यापेक्षा त्याच्या चपट्या, दोन बोटे जाडीच्या पिशव्या करून त्या सुट्या-सुट्या ठेवल्या, तर काम पुष्कळ चांगले होते. हे सर्व प्रवासाच्या आदल्या रात्री करून उपयोग नाही. बाहेरून टणक लागणारे पुडके आतून कित्येकदा नुसते गार असते. तीन-चार दिवस आधीपासून थोडे थोडे मांस गोठवीत गेले, म्हणजे निघण्याच्या वेळी सगळा साठा उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेला असतो. पिशवीतली हवा काढून टाकावी, कारण हवा राहिली की मांसाचा पृष्ठभाग शुष्क आणि करपट होतो.

आता खरा प्रश्न येतो. एकदा पेटी घराबाहेर पडली की तिच्यातली थंडी किती वेळ टिकेल? येथे पदार्थविज्ञानातील अनुद्भूत उष्णतेची कल्पना उपयोगी पडते. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापविता येते! मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असल्यामुळे गोठलेल्या मांसापाशी स्वतःची अशी थंडीची मोठी पुंजी असते. उणे १८ अंशांवरचे पाच किलो मांस संपूर्ण वितळावयास ढोबळ हिशेबाने ३०० किलोकॅलरी लागतात. दोन बोटे जाडीच्या थर्माकोलच्या, घट्ट झाकणाच्या लहान पेटीत, बाहेर ३० अंशांचा उन्हाळा असता, तासाला पंधरा-सोळा किलोकॅलरी आत शिरतात. म्हणजे सर्व मांस पाणी पाणी होण्यास अठरा-वीस तास लागावेत. कडेच्या पुडक्यांना मऊपणा त्याआधीच येऊ लागेल, हे खरे. तथापि घरापासून उतरण्याच्या जागेपर्यंतचा दहा-बारा तासांचा थेट प्रवास एवढ्याने सहज निभतो. दुसरा बर्फ भरण्याची गरजच नाही.

अनेकांना हे पटत नाही. ते पेटीत मांस थोडे आणि निळ्या जेलच्या बर्फाळ पिशव्या फार, अशी भरती करतात. परंतु मांस उणे एक-दोन अंशांवरच मऊ पडू लागते आणि साधी जेलपिशवी किंवा पाण्याचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास वितळतो. म्हणजे जेलपिशवीने आपली मुख्य पुंजी खर्चावयास काढण्याआधीच मांसाचा टणकपणा जाऊ लागलेला असतो! अशा पिशव्यांमुळे मांस गार राहील, खाण्यास निर्धोकही राहील. ते गोठलेले मात्र राहणार नाही. आपल्याकडच्या कुल्फीवाल्याला हे मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे. नुसत्या बर्फाने कुल्फी जमत नाही, म्हणून तो बर्फात खडेमीठ घालतो आणि ते मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली, उणे २० अंशांच्या आसपास उतरते. पण मिठाचे ते पाणी विमानात चालत नाही. एकाची पेटी गळली तर दहा जणांचे सामान भिजते.

पेटी रिकामी राहू देऊ नये, हा ट्यूडरचा धडा येथे पुन्हा आठवतो. पुडकी एकमेकांस भिडवून रचावीत, उरलेल्या फटी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी बुजवाव्यात. दोन लहान पेट्यांपेक्षा एक मोठी पेटी बरी, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही, आणि उष्णता शिरते ती पृष्ठभागातून. मात्र मोठ्या पेटीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील बहुतेक विमान कंपन्या एका नगाला ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलोपर्यंत सूट देतात. त्यापुढे जे अधिक भाडे पडते त्यात मांस स्वस्त घेतल्याचा सारा आनंद विरून जातो. पेटी बॅगेत घालून सभोवार कपडे ठासले तर तोच ट्यूडरचा भुसा. चिकटपट्टीने पेटीचा पार गड्डा करून ठेवणेही शहाणपणाचे नाही. तपासणी करणारे अधिकारी ती उघडू शकतात, आणि उघडलेली पेटी नीट बंद करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यापेक्षा पट्टीचे एक रीळ वरच ठेवलेले बरे. पेटी हातातल्या सामानात नेणाऱ्यांना एक अट पाळावी लागते. तपासणीच्या वेळी बर्फ किंवा जेलपिशवी पूर्ण टणक असली पाहिजे; अर्धवट वितळून तळाशी पाणी साचले असेल तर तिला द्रवपदार्थांचा नियम लागू होतो आणि ती तेथेच टाकून द्यावी लागते.

विमान आकाशात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, तेथे बाहेरचे तापमान उणे ५० अंशांच्याही खाली असते. तेव्हा पोटातल्या मालकक्षात मांस आपोआप गोठलेलेच राहील, असा एक लोकप्रिय समज आहे. तो चुकीचा होय. प्रवासी विमानाचा मालकक्ष दाबयुक्त असतो आणि त्याचे तापमान सामान्यतः गोठणबिंदूच्या वरच राहते. पाळीव कुत्री-मांजरे याच भागातून नेतात, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. धोका आकाशात थोडा आणि जमिनीवर अधिक असतो. उन्हात तापलेल्या धावपट्टीलगत गाडीवर पडून राहिलेली पेटी, चुकलेले जोडविमान, दुसऱ्याच गावी गेलेले सामान, यांचा हिशेब कोणत्याच गणितात बसत नाही.

अशा लांबलेल्या प्रवासासाठी कोरड्या बर्फाचा आधार घेतात. हा पाण्याचा बर्फ नव्हे. हा घनरूप कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंशांवर असतो आणि वितळून पाणी न होता एकदम वायू होतो. या क्रियेला संप्लवन म्हणतात. त्यात तो ग्रॅममागे सुमारे १३६ कॅलरी उष्णता शोषतो, म्हणजे साध्या बर्फाच्या दीडपटीहून अधिक. कोणत्याही प्रवाशाला विमानात जास्तीत जास्त अडीच किलो कोरडा बर्फ नेता येतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे; त्यासाठी विमान कंपनीची संमती आधी घ्यावी लागते. अमेरिकेत पेटीवर आत कोरडा बर्फ असल्याचे आणि त्याचे वजन लिहावे लागते. अडीच किलोंची ही पुंजी सुमारे ३४० किलोकॅलरी भरते. पाच किलो मांसाची स्वतःची पुंजी जेवढी, जवळजवळ तेवढीच ही भर पडते. थंड वायू जड असल्याने खाली उतरतो, म्हणून हा बर्फ कागदात गुंडाळून मांसाच्या वर ठेवावा.

अडीच किलोंचीच मर्यादा का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. एक किलो कोरड्या बर्फापासून ५०० लिटरांहून अधिक वायू निघतो. पेटी हवाबंद असेल तर तो वायू कोंडून तिचा स्फोट होऊ शकतो. म्हणून वायू बाहेर पडावयास वाट ठेवणे बंधनकारक आहे. आणि बाहेर पडलेला वायू बंदिस्त जागेत साचला तर माणसाला गुदमरवितो. २०१८ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आइस्क्रीम पोहोचविणाऱ्या एका मोटारीत कोरड्या बर्फाच्या पेट्या ठेवलेल्या होत्या. काचा बंद असलेल्या त्या मोटारीत बसलेल्या एका वृद्ध स्त्रीचा प्राण गेला. त्या वायूला रंग नाही, वासही नाही. विमानतळाकडे जाताना पेटी मोटारीत असेल तर काचा उघड्या ठेवाव्यात, ही सूचना म्हणूनच क्षुल्लक नव्हे. उघड्या हाताने तो बर्फ उचलला तर कातडी भाजल्यासारखी होते, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

येथवरचा विचार एकाच देशातील प्रवासाचा झाला. कॅलिफोर्निया आणि हवाई ही एकाच संघराज्याची अंगे असल्याने तेथे गोठलेल्या मांसाला आडकाठी नाही. बेटांवर उतरणाऱ्याला रोपे, फळे आणि जिवंत प्राणी यांच्याविषयी मात्र घोषणापत्र भरून द्यावे लागते. मुंबई-गोव्याहून दिल्लीस परतणारी मराठी कुटुंबे थर्माकोलच्या पेटीत सुरमई आणि पापलेट घेऊन जातात, तेव्हा त्यांनाही अडचण असते ती गळतीची आणि वासाची. कोणती कंपनी काय चालवून घेते हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे लागते. देशाची सीमा ओलांडली की मात्र गोष्ट पालटते. गोठविल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. किंबहुना थंडी त्यांनाही मांसाइतक्याच निगुतीने जपून ठेवते. २००१ साली ब्रिटनमध्ये जनावरांच्या लाळ-खुरकत रोगाची भयंकर साथ आली. परदेशातून आलेल्या दूषित मांसाचा अंश असलेले खरकटे, पुरेसे न उकळता, एका शेतावरील डुकरांना घातले गेले आणि तेथून हा वणवा पेटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. साथ आटोक्यात आणण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकी वराहज्वराचा विषाणू गोठलेल्या मांसात दीर्घकाळ जिवंत राहतो. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण डुकरांना तो बहुधा सोडत नाही. २०२० साली तो भारतात प्रथमच आढळला, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात, आणि डुकरे पाळून गुजराण करणारी कितीतरी गरीब घरे त्याने उघड्यावर आणली.

म्हणूनच युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस वा दूध आणण्यास तेथे बंदी आहे, ऑस्ट्रेलियात तपासणी अत्यंत कडक आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांवरही अशीच बंदी घातली. भारतात परदेशातून मांस आणावयाचे तर आधी परवाना मिळवावा लागतो. विमानतळावर एखाद्याची सॉसेजे जप्त झाली की तो मनातून अधिकाऱ्याला शिव्याशाप देतो. पण जप्त होते ते दोन माणसांचे जेवण, आणि पणाला लागलेले असते ते एका प्रदेशाचे गोधन.

पेटी सुखरूप पोहोचली, की उघडताच हात लावून पाहावे. मांसात बर्फाचे कण अद्यापि करकरत असतील, किंवा मांस ४ अंशांच्या आत असेल, तर ते निर्धास्तपणे पुन्हा गोठविता येते. चव किंचित उतरेल एवढेच. चार ते साठ अंश हा जंतूंचा सुगीचा पट्टा. त्यात मांस एकंदर दोन तासांहून अधिक राहिले, आणि ३२ अंशांवरच्या उन्हाळ्यात एका तासाहून अधिक राहिले, तर ते टाकून द्यावे, असा अमेरिकेच्या कृषिखात्याचा दंडक आहे. वास चांगला येतो म्हणून ठेवून घेणे चुकीचे. रोगकारक जंतू कित्येकदा वास देत नाहीत. मासे निर्वात पिशवीत असतील तर वितळण्यापूर्वी ती पिशवी फोडावी, कारण हवेविना वाढणारा एक अत्यंत विषारी जंतू अशाच जागेची वाट पाहत असतो. उरलेला कोरडा बर्फ मोरीत वा कचऱ्याच्या बंद डब्यात न टाकता उघड्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. तो आपोआप नाहीसा होतो.

मांस वितळावयाचे ते शीतकपाटाच्या खालच्या खणात, सावकाश. दोन-अडीच किलोंच्या तुकड्याला जवळजवळ एक अहोरात्र लागते. त्यामुळे एवढा खटाटोप करून आणलेल्या शिदोरीतला एक घासही पहिल्या रात्री पानात पडत नाही. त्या रात्री सारे कुटुंब समुद्राकाठच्या एखाद्या खाणावळीत बसून तेथल्याच भावाने जेवते.